कबुली आणि तक्रार

थंडी सुरू झाली की बेळगावच्या आसपासच्या गावांत मराठी साहित्य संमेलनांचा हंगाम येतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा. ग्रंथदिंडी, अध्यक्षांचं भाषण, कथाकथन आणि मग कविसंमेलन. त्या सत्रात आईवरच्या, बापावरच्या, गेलेल्या शेतावरच्या कविता लागोपाठ येतात. त्या खोट्या नसतात, लिहिणाऱ्याने ते खरंच भोगलेलं असतं. तरीही त्यातल्या बऱ्याच ऐकून झाल्यावर कवीबद्दल आपल्याला नवं काहीच कळलेलं नसतं. याचं कारण मला एकाच गोष्टीत सापडतं. त्या तक्रारी असतात. त्यांत कबुली नसते.

तक्रारीत सांगणारा स्वच्छ असतो. सावकार वाईट, नवरा वाईट, सरकार वाईट, नशीब वाईट. कबुलीत सांगणाऱ्याचे स्वतःचे हात मळलेले असतात. 'कबुलीजबाब' म्हटलं की आपल्याला पोलीस ठाणं आठवतं, म्हणून मी नुसतं 'कबुली' म्हणतो. वैयक्तिक आयुष्य कवितेत कसं उतरतं हे बघायचं असेल, तर हा फरक आधी मनात पक्का करावा लागतो. आयुष्यात काय घडलं यावर कविता ठरत नाही. त्या घडण्यात आपला वाटा किती होता, आणि तो सांगायचं धाडस आहे का, यावर ठरते.

'कन्फेशनल', म्हणजे कबुलीचा, हा शब्द कवितेला चिकटला १९५९ मध्ये. अमेरिकन कवी रॉबर्ट लोवेल यांच्या 'लाइफ स्टडीज' या संग्रहाचं परीक्षण लिहिताना समीक्षक एम. एल. रोझेंथल यांनी तो वापरला. त्याच वर्षी डब्ल्यू. डी. स्नॉडग्रास यांचा 'हार्ट्स नीडल' आला. घटस्फोटानंतर लहान मुलीपासून दुरावलेल्या बापाची दहा भागांची कविता त्यात आहे. अ‍ॅन सेक्स्टन यांचा पहिला संग्रह १९६० चा. सिल्व्हिया प्लाथ यांचा 'एरियल' १९६५ चा, म्हणजे त्या गेल्यावर दोन वर्षांनी आलेला. सेक्स्टन आणि प्लाथ दोघीही १९५९ मध्ये बोस्टन विद्यापीठात लोवेल यांच्या कवितेच्या वर्गात बसत. शब्द तिकडचा असला तरी गोष्ट आपल्याकडे त्याच्या तीनशे वर्षं आधीपासून आहे.

तुकोबांचा 'याति शूद्र वैश केला वेवसाव' हा अभंग काढून बघा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाचं त्यात जे येतं ते इतकंच: 'दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥' बायकोचा मृत्यू अर्ध्या ओळीत. विशेषण एकही नाही. 'हाय' नाही, 'काळजाचं पाणी झालं' नाही. सगळा आक्रोश त्या दोनदा आलेल्या 'अन्न' या शब्दात आहे, आणि तो आवाज तिचा आहे, त्यांचा नाही. पुढे एका कडव्यात लाज आणि धंद्यातली तूट सांगून अभंग भंगलेल्या देवळाच्या दुरुस्तीकडे वळतो. शोकाला किती जागा द्यायची याचं हे प्रमाण ज्याला साधलं त्याला बाकीचं हळूहळू साधतं.

दुसऱ्या एका अभंगात ते म्हणतात, 'बाइल मेली मुक्त जाली । देवें माया सोडविली ॥' आणि पुढे पोर मेलं तेही बरं झालं म्हणतात. ही ओळ वाचताना आजही अंगावर येते. वैराग्याचा उपदेश म्हणून ती वाचणं सोपं आहे. पण उपदेश बाजूला ठेवून वाचली तर तिच्यात माणसाला उच्चारायला सर्वांत कठीण असलेली भावना आहे: मरणानंतर वाटलेली सुटका. ती भावना कितीतरी घरांत येते, आजारपण लांबलं की हमखास येते, आणि कुणी बोलत नाही. तुकोबा बोलले. कबुली ती हीच.

शिऊरच्या संत बहिणाबाईंनी अभंगांतून आत्मचरित्रच लिहिलं. त्यात कोल्हापूरचा भाग आहे: कीर्तनाला तिच्या मागे मागे येणारं वासरू, त्यावरून नवऱ्याचा मार, आणि मग त्या वासराचं मरण. मार खाल्लेली बाई स्वतःबद्दल जितकं सांगू शकत नाही तितकं ते वासरू सांगतं. जात्यावरच्या ओव्यांतही हीच सोय आहे. सासरचं दुःख थेट सासूसमोर उच्चारता येत नाही, म्हणून ते बंधुरायाला सांगायचं, नाहीतर जात्यालाच ईश्वर म्हणून त्याला सांगायचं. ऐकणारा कोण हे ठरलं की सांगणं मोकळं होतं. लिहिणाऱ्यांना मी पहिली सूचना हीच करीन: पहिली ओळ लिहिण्याआधी, ही कविता कुणाला सांगतोय ते ठरवा. 'तू' कोण? मेलेला बाप, जिवंत बहीण, देव, पाऊस, विकलेली गाय? 'तू' बदलला की त्याच घटनेची दुसरी कविता होते.

याचा सगळ्यात चांगला धडा आपल्या बेळगावातच आहे. इंदिरा संत आणि ना. मा. संत या दोघांच्या कवितांचा 'सहवास' १९४० मध्ये निघाला. १९४६ मध्ये ना. मा. संत गेले. त्याच १९४६ साली बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. एकाच गावात, एकाच वर्षी, सगळ्यांचं 'आम्ही' उभं राहिलं आणि एका घरातलं 'आम्ही' मोडून 'मी' उरलं. इंदिराबाईंची कविता त्या 'मी'ला धरून राहिली. 'मेंदी' १९५५, 'मृगजळ' १९५७, 'रंगबावरी' १९६४, 'बाहुल्या' १९७२, 'गर्भरेशीम' १९८२. 'गर्भरेशीम'ला १९८४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एवढ्या वर्षांत त्यांच्या कवितेने दुःखाची जाहिरात केली नाही. प्रिय माणसाचं नाव नाही, आजार नाही, तारीख नाही. पाऊस आहे, संध्याकाळ आहे, दार आहे.

पावसाला उद्देशून लिहिलेली त्यांची ती कविता बहुतेकांनी शाळेत नाहीतर गाण्यातून ऐकलेली असते. अवेळी धिंगाणा घालू नकोस, माझं घर चंद्रमौळी आहे, असं ती बाई पावसाला विनवते. तिची रचना बघण्यासारखी आहे. आधी सगळी घरातली यादी येते: कौलं, गळतीखाली ठेवायला नसलेली भांडी, दारातली सायली, नेसूचं जुनेर. कडव्यामागून कडवं आपण पावसाबद्दलच ऐकतो आहोत असं वाटत राहतं. मग तुझं एवढं सोसलं, आता माझं एक ऐक, असं म्हणून ती मागते: वाटेला लागलेल्या माझ्या सख्याला आडवा जा आणि परत फिरव. वेशीपुढे आठ कोस, हे अंतरसुद्धा दिलेलं आहे. मूळ मागणं इतक्या उशिरा आलं, म्हणून लागतं. पहिल्याच ओळीत 'परत ये' म्हटलं असतं तर पुढच्या भांड्यांना आणि जुनेराला काही अर्थच उरला नसता. कवयित्रीच्या चरित्रातलं काहीही माहीत नसलेल्या मुलीलाही ही कविता कळते. चरित्र माहीत झाल्यावर ती जास्त खोल जाते, पण चरित्रावर टेकून उभी राहत नाही. हीच कसोटी मी कुठल्याही आत्मपर कवितेला लावतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. समजा, वडगाव-खासबागच्या विणकर गल्लीतल्या एका मुलाला बापाच्या विकलेल्या मागावर लिहायचं आहे. पहिल्या बैठकीत बहुतेक वेळा हे येतं:

वेदनेच्या धाग्यांनी विणलेलं
माझ्या बापाचं आयुष्य
कुणी उसवलं?

इथे काय बिघडलं ते नीट बघू. धागा, विणणं, उसवणं हे शब्द मागाकडून आले, पण माग कुठे दिसतच नाही. रूपकाने खरी वस्तू गिळली. शिवाय 'कुणी' विचारून कवी स्वतः बाजूला झाला, म्हणजे तक्रार सुरू झाली. हे टाळायला लोवेल यांची रीत उपयोगी पडते. 'लाइफ स्टडीज'मधल्या कितीतरी कवितांच्या आधी त्यांनी घराबद्दल, आईवडिलांबद्दल गद्य लिहिलं होतं. त्यातला एक मोठा भाग त्या पुस्तकाच्या अमेरिकन आवृत्तीत गद्य म्हणूनच छापला. कविता त्या गद्यातून कोरून काढल्या. तेव्हा आधी वहीची दोन पानं साधं गद्य लिहा. नियम एकच, भावनेचं नाव घ्यायचं नाही. 'दुःख', 'वेदना', 'आठवण', 'काळीज' हे शब्द त्या दोन पानांत येऊ द्यायचे नाहीत. मग असं काहीतरी उतरतं:

'माग विकला तेव्हा पाऊस होता. टेम्पो गल्लीत शिरेना, म्हणून खोलून सुटा करून नेला. आई ज्या कोपऱ्यात कांड्या भरायची तिथे ओल होती. एक धोटा खिडकीत राहिला. बाप म्हणाला, आता झोप लागंल. त्याला झोप लागली नाही. खटखट नव्हती म्हणून. मला लागली.'

हे पान लगेच कवितेत घालू नका. निदान एक महिना बाजूला ठेवा. घाव ताजा असेल तर एक अख्खा पावसाळा जाऊ द्या. तोवर डोळ्यांत पाणी आणणारी वाक्यं आपोआप शिळी होतात आणि खरी वाक्यं तशीच राहतात. परत उघडल्यावर पेन्सिलीने दोनच प्रकारच्या गोष्टींखाली रेघ मारायची: हातात धरता येईल अशी वस्तू आणि कुणाच्या तरी तोंडचं जसंच्या तसं वाक्य. चाळीस ओळींत अशा पाच-सहा निघाल्या तरी पुष्कळ. वरच्या उताऱ्यात मला धोटा (मागात आडवा धागा नेणारा), 'आता झोप लागंल' आणि शेवटचे दोन शब्द दिसतात. 'मला लागली.' कविता तिथे आहे. घटना बापाची, कबुली मुलाची.

माग गेला त्या रात्री
बाप म्हणाला, आता झोप लागंल.

गल्लीतले बाकीचे माग
उजाडेपर्यंत चालू होते.
भिंतीला कान लावून
तो जागा होता.

मला मात्र
जन्मात पहिल्यांदा
गाढ झोप लागली.

धोटा गेला, पाऊस गेला, टेम्पो गेला. चांगल्या गोष्टी होत्या, पण या कवितेच्या नव्हत्या. आणि एक वस्तुस्थिती बदलली. गद्यात शांतता होती, कवितेत शेजारचे माग चालू आहेत. असं बदलणं चालतं का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. प्लाथ यांच्या 'डॅडी' या कवितेत उत्तर आहे. ती १२ ऑक्टोबर १९६२ ला लिहिली. वडील ऑटो प्लाथ १९४० मध्ये वारले तेव्हा त्या ८ वर्षांच्या होत्या. कवितेतली मुलगी म्हणते, तुम्हाला पुरलं तेव्हा मी दहा वर्षांची होते, आणि विसाव्या वर्षी मी मरायला निघाले. विसावं खरं आहे, दहावं नाही. त्याच महिन्यातल्या 'लेडी लॅझरस'मध्ये दर दहा वर्षांनी एकदा मरणारी तीस वर्षांची बाई आहे. दहा, वीस, तीस अशी शिडी हवी होती, म्हणून आठाचे दहा झाले. कवितेतला बाप नाझी आहे. खरे ऑटो प्लाथ मधमाश्यांचे अभ्यासक होते, प्राध्यापक होते, आणि १९०० मध्येच जर्मनीतून अमेरिकेला गेले होते. म्हणजे ज्या कवितेला लोक कबुलीचा नमुना मानतात तिच्यात आकडा बदललेला आहे आणि बाप मुखवट्यातला आहे. खरी आहे ती मुलीची अवस्था: प्रेम आणि राग एकाच श्वासात. तिथे प्लाथ यांनी काडीचंही खोटं केलं नाही. मागाच्या कवितेत शेजारचा आवाज वाढवला तरी चालेल. 'मला गाढ झोप लागली' हे खोटं असेल तर मात्र कविता फाडून टाकावी.

मराठीत लिहिताना 'मी'ची एक अडचण आहे, ती इंग्रजीत नाही आणि शेजारच्या कन्नडमध्येही नाही. कन्नडमध्ये पुरुषही 'नानु होदे' म्हणतो आणि बाईही. मराठीत 'मी गेलो' की 'मी गेले' हे पहिल्याच क्रियापदाला सांगावं लागतं. 'मी' लपू शकत नाही. उलट हाच मुखवटाही होतो: तुकोबांनी गौळणीच्या, विरहिणीच्या तोंडून बोलायला सुरुवात केली की क्रियापदापासून माणूस बदलतो. आपल्या पट्ट्यात आणखी एक पदर आहे. कोल्हापूर-बेळगावकडे कितीतरी मुली घरी 'मी आलो', 'मी जातो' असंच म्हणतात. तीच मुलगी कवितेत 'मी आले' लिहिते तेव्हा ती पुस्तकातली होते. काहींना ते अंतर हवं असतं, बोलायला त्यानेच धीर येतो. काहींचा आवाज तिथेच मरतो. दोन्ही रूपांत पहिलं कडवं लिहून मोठ्याने वाचून बघा. ज्या रूपात वाचताना लाज वाटते, ते बहुतेक वेळा बरोबर असतं. 'करुलालो', 'जाऊलालो' या इकडच्या बोलीतल्या रूपांचंही तसंच. शोभेसाठी बोली आणू नका, पण आईचं वाक्य आईच्या बोलीतून सोडवून प्रमाण मराठीत धुऊन टाकू नका.

सीमाभागातल्या कवीला आणखी एक ओढ सांभाळावी लागते. इथे १ नोव्हेंबर, १९५६, काळा दिन (राज्यरचनेत हा भाग महाराष्ट्राबाहेर गेला त्याचा निषेध) हे सगळं इतकं मोठं आहे की 'मी' लिहायला बसलं तरी दुसऱ्या कडव्यात 'आम्ही' होतं. त्या 'आम्ही'ची कविताही हवी. पण बापाला जमिनीची कन्नड पहाणी, म्हणजे सातबाऱ्यासारखा उतारा, वाचून दाखवणारा मुलगा, आणि वाचताना एका क्षणी आपण बापापेक्षा मोठे झालो याचा त्याला झालेला आनंद, हे 'सीमेचा वनवास' या शब्दांत कधीच येणार नाही. ते 'मी'नेच सांगावं लागतं. पलीकडच्या भाषेतही असं लिहिलेलं आहे. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांच्या घरी मराठी होती, कविता कन्नड. त्यांच्या 'नी हींग नोडब्याड नन्न' या कवितेत बाळाच्या मरणाच्या वेळी नवरा बायकोला म्हणतो, माझ्याकडे असं बघू नकोस. तिच्या नजरेला द्यायला आपल्याजवळ काहीच नाही, ही बापाची कबुली. ज्यांना थोडी कन्नड येते त्यांनी ती मूळातच वाचावी.

कवितेतली माणसं जिवंत असतात, हा सगळ्यात अवघड भाग. लोवेल यांच्या १९७३ च्या 'द डॉल्फिन'मध्ये घटस्फोटित पत्नी एलिझाबेथ हार्डविक यांची खाजगी पत्रं आली, तीही बदलून, पण त्यांच्याच तोंडी घालून. हस्तलिखित वाचून त्यांची कवयित्री मैत्रीण एलिझाबेथ बिशप यांनी १९७२ मध्येच लोवेल यांना कळवलं होतं की कलेची किंमत एवढी मोठी नाही. त्यांचा मुख्य आक्षेप खाजगीपणाइतकाच भेसळीवर होता: खरं किती आणि रचलेलं किती हे वाचकाला कळायला मार्ग नाही, आणि बाई तर जिवंत आहे. पुस्तक छापलं गेलं, १९७४ मध्ये त्याला पुलित्झरही मिळालं, पण तो डाग गेला नाही. प्लाथ यांनी आठाचे दहा केले ते स्वतःच्या वयाचे. लोवेल यांनी दुसऱ्याचे शब्द बदलले. हा फरक लक्षात ठेवला की नियम सोपा होतो. स्वतःबद्दलचे तपशील हवे तसे रचा. जिवंत माणसाच्या तोंडी त्याने न उच्चारलेलं वाक्य घालू नका. ओळख लपवायची असेल तर नातं, धंदा, गाव, ऋतू बदला. आत्याची मावशी करा, येळ्ळूरचं खानापूर करा. वस्तू आणि स्वतःचा दोष यांना हात लावू नका.

वाचकाकडूनही चुका होतात. प्लाथ यांनी 'एरियल'चं जे हस्तलिखित मागे ठेवलं ते 'लव्ह' या शब्दाने सुरू होत होतं आणि 'स्प्रिंग' या शब्दाने संपत होतं. शेवटी मधमाश्यांच्या कविता होत्या, हिवाळा तरून जाणाऱ्या. त्यांचे पती, कवी टेड ह्यूज यांनी १९६५ मध्ये क्रम बदलला, काही कविता काढल्या, शेवटच्या आठवड्यांतल्या घातल्या, आणि पुस्तक मरणाकडे झुकलं. मूळ क्रम छापला गेला तो २००४ मध्ये. जवळजवळ चाळीस वर्षं लोकांनी प्लाथ यांच्या आत्महत्येकडून मागे येत त्या कविता वाचल्या. कवीच्या आयुष्याचा शेवट माहीत असला की प्रत्येक ओळीत तोच दिसायला लागतो. त्यामुळे वर्गात शिकवताना कविता आधी आणि चरित्र नंतर, हा क्रम सोडू नये.

लिहिल्याने माणूस बरा होतो, असं सर्रास म्हटलं जातं. सेक्स्टन यांना लिहायला त्यांच्या मनोविकारतज्ज्ञानेच सुचवलं होतं. १९६७ मध्ये त्यांना पुलित्झर मिळालं आणि १९७४ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. कवितेने काही वर्षं दिली असतील, उपचाराचं काम ती करू शकत नाही. लिहिताना जीव नकोसा वाटू लागला तर वही मिटून माणसाशी बोला. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा सरकारी क्रमांक फुकट आहे.

आणि शेवटी व्यासपीठ. संमेलनात एका कवीला जेमतेम तीन-चार मिनिटं मिळतात. 'ही कविता माझ्या वडिलांवर आहे, ते गेल्या वर्षी...' असं सांगत त्यातलं एक मिनिट घालवू नका. सभागृह आधीच हळहळलेलं असलं की कवितेला काम उरत नाही. टाळीसाठी शेवटची ओळ दोनदा वाचू नका. 'मला गाढ झोप लागली' एकदाच, खालच्या आवाजात, आणि कागद मिटून खाली बसा. आपल्या गावांत जिच्यावर कविता असते ती पुष्कळदा दुसऱ्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन बसलेली असते. तिला ती पहिल्यांदा माइकवरून ऐकू येऊ नये. आदल्या आठवड्यात घरी, ती भाजी निवडत असताना वाचून दाखवा. ती बहुतेक गप्प राहील. काही बोललीच तर सहसा एखादं नाव, एखादा आकडा किंवा एखाद्या दागिन्याचा उल्लेख काढायला सांगेल. तो काढा.